वळणारी फळी

बेळगाव आणि निपाणीकडच्या उताराच्या गल्ल्यांतून एके काळी एक विशिष्ट खडखडाट ऐकू येत असे. खोक्याची एक फळी, तिच्या मागे एक पक्का दांडा, पुढे एका बोल्टवर फिरणारा दुसरा दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना बांधलेली दोरी, आणि दांड्यांच्या टोकांना गॅरेजवाल्याकडून मागून आणलेली टाकाऊ बेअरिंगे. एवढ्या साहित्यावर मुलांचा गाडा तयार होई. एकाने दोरी धरून पुढे बसावयाचे, दुसऱ्याने मागून ढकलावयाचे, आणि उतार संपेपर्यंत आरडाओरडा करावयाचा. गुडघे फुटत आणि घरी बोलणी बसत. पण दुसऱ्या दिवशी गाडा पुन्हा गल्लीच्या वरच्या तोंडाशी उभा असे.

आज त्याच गल्लीत एखादे मूल निराळ्याच फळीवर उभे राहून जाताना दिसले, तर आश्चर्य वाटू नये. या फळीला दोरी नाही. तिच्यावर बसावयाचे नसते, उभे राहावयाचे असते. आणि तरबेज मुलगा पाय जमिनीला न लावता, नुसते अंग डावीकडे-उजवीकडे कलवीत, नागमोडी वळणे घेत पुढे जातो. समुद्राच्या लाटेवर फळीने तरंगण्याचा जो खेळ आहे, त्याची ही रस्त्यावरची नक्कल होय. तिला ‘सर्फ-स्केट’ असे नाव आहे.

अशी फळी घ्यावी म्हणून मूल हट्ट धरते, तेव्हा पालकांसमोर पेच उभा राहतो. चित्रांत सगळ्या फळ्या सारख्याच दिसतात. वर रंगीत नक्षी, खाली चार चाके. मग स्वस्त असेल ती किंवा नक्षी आवडेल ती उचलली जाते. आठ दिवसांत मूल दोनदा तोंडावर आपटते, आणि फळी माळ्यावर जाते. “याला जमायचे नाही,” असा शेरा मात्र मुलाच्या वाट्याला येतो. पुष्कळ वेळा दोष मुलाचा नसतो, निवडीचा असतो. निवड कशी करावी याचे उत्तर या फळीच्या इतिहासात सापडते. कारण तो इतिहास मुख्यतः एका प्रश्नाचा आहे. चार चाकांची वस्तू वळवावी कशी?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपल्या बैलगाडीला दोनच चाके असतात. बैल वळले की एक चाक कमी फिरते, दुसरे अधिक फिरते, आणि गाडी सहज वळते. चार चाके आली की अडचण सुरू होते. यात्रेतला अवजड रथ ज्यांनी ओढला आहे, त्यांना हे सांगावयास नको. रथाचे आस जागचे हलत नाहीत. म्हणून वळणावर चाकाखाली लाकडी पाचर सरकवून, दोर एका अंगाला ओढून, शेकडो माणसांच्या बळाने तो वळवावा लागतो. मुलांच्या गाड्याने याच्या पुढची पायरी गाठली. त्याचा पुढचा आस बोल्टभोवती फिरतो. दोरी ओढावी तिकडे गाडा जातो. परंतु दोरीला हात लागतो, आणि हात गुंतले की उभे राहून तोल सांभाळणे कठीण होते. पायाखालची वस्तू केवळ शरीराच्या कलाने वळावयाची, तर निराळीच युक्ती हवी होती.

ती युक्ती सापडण्यापूर्वी काय होत असे, याची एक मौजेची आख्यायिका आहे. बेल्जियममधील उई गावी १७३५ साली जन्मलेला जॉन जोसेफ मर्लिन हा कसबी यंत्रकार १७६० साली लंडनला आला. तेथील एका मेजवानीत तो पायांना चाके लावून, व्हायोलिन वाजवीत दिवाणखान्यात शिरला म्हणतात. त्याच्या चाकांना ना वळता येई, ना थांबता येई. तो थेट एका मौल्यवान आरशावर जाऊन आदळला. आरसा फुटला, व्हायोलिन मोडले आणि मर्लिनही चांगलाच जखमी झाला.

पुढे शंभर वर्षांनी, १८६३ साली, अमेरिकेतील जेम्स प्लिम्प्टन याने या अडचणीवर उपाय काढला व त्याचे पेटंट घेतले. त्याने बुटाखालच्या पट्टीला पुढे दोन व मागे दोन अशी चाके बसविली. पण आस पट्टीला ताठ न जखडता, मध्ये रबराची गादी ठेवून तिरप्या जोडणीवर बसविले. पाऊल उजवीकडे कलले, की उजव्या बाजूची पुढची व मागची चाके एकमेकांजवळ येतात आणि डाव्या बाजूची दूर जातात. मग पाऊल आपोआप उजवीकडे वळते. कल सोडला, की रबर पुन्हा फुगते आणि चाके सरळ होतात. शरीराच्या कलाचे वळणात रूपांतर करणारी ही जोडणी म्हणजे आजच्या सर्व चाकांच्या फळ्यांची आजी होय. या खेळात तिला ‘ट्रक’ म्हणतात. रस्त्यावरच्या मालवाहू ट्रकाशी तिचा काही संबंध नाही.

बेळगावला ही युक्ती अपरिचित नाही. गेल्या काही दशकांत या शहरात चाकांच्या स्केटिंगने चांगलेच मूळ धरले आहे. शिवगंगा रोलर स्केटिंग क्लबसारख्या संस्थांतून लहान लहान मुले सराव करीत आली आहेत, आणि आडव्या दांडीखालून जवळजवळ जमिनीला टेकून सरकण्याच्या लिंबो स्केटिंगमध्ये बेळगावच्या रोहन कोकणे याने जागतिक विक्रमही नोंदविला. दोन-दोन चाकांच्या जोड्यांचे बूट घालून रिंकवर वळणारे बेळगावचे मूल नकळत प्लिम्प्टनचाच नियम पाळत असते.

बुटाखालची ही चाके फळीखाली कधी आली? याचा एकच एक जनक सांगता येत नाही. अमेरिकेतील मुले जुने स्केटचे बूट मोडून त्यांची चाके फळकुटाला ठोकीत, वर फळांचे खोके बसवीत आणि त्याला धरून पळत. आपल्या गाड्याचाच हा सावत्र भाऊ म्हणावयास हरकत नाही. १९५० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील तरुणांनी वरचे खोके काढून टाकले आणि ते नुसत्या फळीवर उभे राहिले. ही मुले मूळची लाटांवर खेळणारी. लाटेवर फळीने तरंगण्याची कला हवाई बेटांतील लोकांची. कॅप्टन कुकच्या अखेरच्या सफरीतील दर्यावर्दींनी अठराव्या शतकातच तिचे वर्णन करून ठेवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ड्यूक कहानामोकू या हवाईच्या ऑलिंपिक विजेत्या जलतरणपटूने ती देशोदेशी नेली. परंतु समुद्र रोज लाटा देत नाही. ज्या दिवशी पाणी निवांत असे, त्या दिवशी ही मुले रस्त्यावर उतरत. डांबरी उतार हीच त्यांची लाट.

लवकरच या खेळाला बाजार मिळाला. १९६३ साली लॅरी स्टीव्हनसन याच्या ‘मकाहा’ कंपनीने लाटेवरच्या फळीच्या आकाराच्या फळ्या विकावयास घेतल्या, आणि त्याच वर्षी हर्मोसा बीच येथे स्पर्धाही भरली. मे १९६५ मध्ये ‘लाइफ’ या विख्यात साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पॅटी मॅगी ही तरुणी धावत्या फळीवर हातांवर उलटी उभी राहिलेली झळकली. पण तेच वर्ष संपते न संपते तोच या धंद्याचे दिवाळे वाजले. अनेक शहरांनी फळ्यांना रस्ते बंद केले, आणि तयार माल गुदामांत पडून राहिला.

हा घात चाकाने केला होता. त्या वेळची चाके धातूची, नाही तर मातीच्या मिश्रणाची असत. रिंकच्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर ती ठीक चालत. पण रस्त्यावर वाटाण्याएवढा खडा आडवा आला, की चाक जागच्या जागी थबके, फळी थांबे, आणि वरचे मूल मात्र पुढे उडून पडे. वळणावर तर ही चाके पकडच घेत नसत. मुले हातपाय मोडून घेऊ लागली, तेव्हा लोकांनी खेळालाच धोकादायक ठरविले. नॉर्वे देशाने तर १९७८ ते १९८९ अशी अकरा वर्षे या फळ्यांवर सरसकट बंदी ठेवली होती. वस्तुतः तोवर चाकाचे दुखणे बरे झाले होते. बदनामी मात्र मागे उरली होती.

ते दुखणे बरे केले फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने. १९७० साली व्हर्जिनिया प्रांतातील पर्सेलव्हिल येथे एका लहानशा कारखान्यात त्याने युरेथेन या रबरासारख्या लवचिक पदार्थाची चाके पाहिली. ती रिंकवरील नवशिक्यांसाठी बनविलेली होती. त्यांची पकड फार, म्हणून वेगाची हौस असणाऱ्यांना ती आवडत नसत. नॅसवर्दीने ती आपल्या फळीला लावून रस्त्यावर नेली. खडा आला तर चाक दबून त्यावरून निघून जाई. वळणावर ते डांबराला धरून राही. कॅलिफोर्नियात जाऊन १९७३ पासून त्याने ही चाके ‘कॅडिलॅक’ या नावाने विकली. १९७५ साली सुट्या गोळ्यांऐवजी बंदिस्त व अचूक बेअरिंगे असलेली चाके बाजारात आली. रिंकवर टाकाऊ ठरलेला गुण रस्त्यावर मोलाचा ठरला.

पुढच्या दोनचार वर्षांत फळीला लाटेचा डौल पुन्हा लाभला. सांता मोनिकातील ‘झेफिर’ चमूची मुले १९७५ च्या डेल मार येथील स्पर्धेत उतरली, ती गुडघे खोल वाकवून, जमिनीला हात टेकवीत वळणे घेत. लॅरी बर्टलमन हा हवाईचा तरुण लाटेच्या भिंतीला हात लावून वळत असे. ही मुले डांबराला हात लावून वळू लागली. अशा खोल, घोटीव वळणांना ‘कार्व्हिंग’ म्हणतात. शब्दाचा अर्थ कोरणे असा आहे, आणि तो समर्पक आहे.

यानंतर मात्र खेळाने दिशा बदलली. फळीसकट उडी मारणे, कठड्यावरून घसरणे, हवेत फळी उलटविणे, अशा कसरतींना महत्त्व आले. त्यांना हलकी फळी, घट्ट ट्रक आणि लहान, कठीण चाके लागतात. १९९० नंतर बाजारात बहुतेक अशाच फळ्या दिसू लागल्या; वळणाचा आनंद मागे पडला. त्याच दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियातील व्हेनिस येथे नील कार्व्हर आणि ग्रेग फॉक या दोघा सर्फरांनी, समुद्र शांत असलेल्या दिवसांसाठी, एक नवा पुढचा ट्रक बनविला. त्यात आस एका फिरत्या बाहूवर बसविलेला असून स्प्रिंग त्याला मधोमध आणते. त्यामुळे फळीचे पुढचे टोक डावीकडे-उजवीकडे सहज झुलते, आणि मागचा ट्रक खुंट्यासारखा स्थिर राहतो. लाटेवरची फळी अशीच मागच्या पायाभोवती वळते. १९९६ साली ‘कार्व्हर’ ही कंपनी निघाली, आणि सर्फ-स्केट हा स्वतंत्र प्रकार रूढ झाला. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, लाटेवरची फळी व रस्त्यावरची फळी या दोन्ही खेळांनी एकदमच पदार्पण केले.

श्रोतेहो, एवढा इतिहास ऐकल्यावर निवडीची वाट पुष्कळशी मोकळी होते. जो प्रश्न प्लिम्प्टनने सोडविला, तोच ग्राहकाने प्रथम विचारावा : ही फळी कल दिल्यावर किती वळते? फळीवर उभे राहून टाचा व चवडे आळीपाळीने दाबून पाहावे. पुढचा ट्रक खोल झुकून फळीचे तोंड स्पष्टपणे वळले, आणि कल सोडताच ते परत मध्यावर आले, तर ती सर्फ-स्केट खरी. वर लाटेचे चित्र आणि खाली साधा घट्ट ट्रक, असा प्रकार असेल तर तो नुसता वेष होय. फिरत्या बाहूचा ट्रक सर्वांत सैल व लाटेच्या जवळचा. परंतु त्यात हलणारे भाग अधिक, वजनही अधिक. बाहूविना, उलट्या बोल्टचा ट्रक त्याहून थोडा ताठ. तो सांभाळावयास सोपा आणि सरळ जाताना अधिक स्थिर. ज्याला केवळ वळणांची हौस त्याने पहिला घ्यावा. ज्याला वळणेही हवीत आणि वसाहतीतून संथ फेरफटकाही हवा, त्याला दुसरा बरा.

दुसरी गोष्ट चाकांची. १९६५ चा धडा येथे विसरू नये. कसरतीच्या फळीची चाके ५० ते ५४ मिलिमीटर व्यासाची आणि कठीण असतात. रस्त्यासाठी ६५ ते ७० मिलिमीटरची मऊ चाके हवीत. चाकावर कठीणपणाचा आकडा छापलेला असतो. तो ‘ए’ मापात ७८ ते ८२ च्या आसपास असेल तर चाक मऊ, शंभराच्या जवळ असेल तर कठीण. चाकात बसणारे बेअरिंग बहुधा ६०८ क्रमांकाचे असते. आतील भोक ८ मिलिमीटर, बाहेरील व्यास २२ आणि जाडी ७, हे त्याचे माप ठरलेले आहे. ते कोठेही बदलून मिळते. म्हणून त्याच्या भारी नावासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट अंतराची. पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर लहान असेल तर फळी चटकन वळते, मोठे असेल तर स्थिर राहते. लहान चणीच्या मुलाला पंधरा-सोळा इंच पुरतात. उंच माणसाला अठरा इंच किंवा थोडे अधिक लागते. खांद्यांच्या रुंदीएवढे पाय फाकून उभे राहिले असता दोन्ही पाऊले साधारण दोन्ही ट्रकांवर यावीत, ही ढोबळ खूण ध्यानी ठेवावी. फळीची नक्षी सर्वांत शेवटी पाहावी.

पाय न लावता ही फळी पुढे कशी जाते, याचे कोडे मुलांना पडते. त्याचे उत्तर नागपंचमीच्या झोक्यात आहे. झोक्यावर उभी राहिलेली मुलगी योग्य क्षणी बसते, योग्य क्षणी उठते, आणि कोणी न ढकलता झोका वर चढतो. फळीवरचे मूलही वळणात वाकते, वळणातून बाहेर येताना उठते, खांदे पुढच्या वळणाकडे फिरविते. त्याच्या स्नायूंचे बळ चाकांच्या गतीत उतरते. हा ताल अंगी येण्यास काही दिवस लागतात. तोवर सपाट जागा हवी.

आणि जागेचा प्रश्न आपल्या भागात महत्त्वाचा आहे. बेळगाव सुमारे अडीच हजार फूट उंचीवर वसलेले, चढउतारांचे शहर. पावसाळा येथे लांबतो. डांबर वाहून खडी उघडी पडते, आणि कोरड्या दिवसांत तांबडी माती रस्त्यावर पसरते. ओल्या रस्त्यावर मऊ चाकही घसरते, आणि पाणी शिरलेले बेअरिंग गंजते. म्हणून शाळेचे सिमेंटचे क्रीडांगण, वसाहतीतील रहदारी नसलेला काँक्रीट रस्ता किंवा रिंक, हीच या फळीची योग्य जागा. निपाणीवरून पुणे-बंगळूर महामार्ग जातो; तवंदीच्या घाटाचा लांब उतार एखाद्या धाडसी मुलाला खुणावीत असेल. त्याला स्पष्ट सांगावे, की सर्फ-स्केटचा पुढचा ट्रक मुद्दाम सैल केलेला असतो. वेग वाढला की तो थरथरू लागतो आणि मग फळी कोणाचे ऐकत नाही. उतारावर धावण्यासाठी ती बनलेलीच नाही. डोक्यावर शिरस्त्राण आणि मनगट, कोपरे व गुडघे यांना संरक्षण हा खर्च फळीच्या किमतीतच धरावा. तो परवडत नसेल, तर फळी परवडत नाही असे समजावे.

मर्लिनचा आरसा फुटला, १९६५ ची मुले पडली, त्या प्रत्येक वेळी लोकांनी माणसाच्या हौसेला दोष दिला. उणीव होती ती चाकात वा जोडणीत. कोणीतरी हौसेची थट्टा न करता ती उणीव शोधली, म्हणून खेळ पुढे गेला. घरातले मूल पडले, तर बोलणी बसण्यापूर्वी त्याची फळी एकदा उलटी करून पाहावी. चाक मऊ आहे का, आस झुकतो का, बोल्ट सैल झाला आहे का, एवढे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. बेअरिंगचा गाडा आपल्या हातांनी जोडणाऱ्या पिढीला हे काम परके नाही. ती पिढी आज आजोबांच्या वयाची झाली आहे. नातवाची नवी फळी उलटी धरून तिची चाके फिरवून पाहण्यास त्यांच्याइतका लायक माणूस घरात दुसरा कोण असणार?